खऱ्याखोट्या ठिणग्या

आम्हां बिदर-कलबुर्गीकडच्या मंडळींचे आकाशाकडे लक्ष असते ते पावसापुरते. रोहिणी बरसल्या काय, मृग कोरडा गेला काय, हस्ताने तुरीला हात दिला काय, एवढ्या चौकशा झाल्या की आमचे खगोलशास्त्र संपले. पावसाखेरीज आकाशातून दुसरेही काही आमच्या शेतांत उतरते, आणि ते गेली कित्येक दशके उतरत आले आहे, हे आमच्यापैकी पुष्कळांना 18 जानेवारी 2025 च्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हते. त्या शनिवारी हुमनाबाद तालुक्यातील जलसंगी गावी एका घरावर एक अवाढव्य फुगा आणि त्याला टांगलेली यंत्रसामग्री येऊन पडली. कोणास इजा झाली नाही, ही मोठीच गोष्ट. गाव घाबरले, पोलीस आले, आणि मग उलगडा झाला की तो फुगा टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रावरून आदल्या रात्री सोडलेला होता.

आम्ही भालकी तालुक्यात मराठी शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकविले. तेव्हा अशी वार्ता कानी आल्यावर घरी बसवेना. आठवड्याभराने आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मुलाने आम्हांला आपल्या मोटारसायकलवर जलसंगीला नेले. तेथे अर्थातच पाहण्यासारखे काही उरले नव्हते. संस्थेची माणसे येऊन सारे आवरून गेली होती. मग आम्ही तेथील चालुक्यकालीन देवळाकडे वळलो. त्याच्या भिंतीवर एक शिलाबालिका आहे. पाठमोरी उभी राहून ती दगडावर सहाव्या विक्रमादित्याची स्तुती कोरीत आहे. तिच्याकडे पाहत उभे असता तो तरुण म्हणाला, "सर, एवढा खटाटोप कशासाठी? त्या पेट्यांवर म्हणे 'उघडू नका' असे लिहिलेले असते. कोणी उघडलीच, तर काय बिघडणार?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर आम्ही तेथे दिले ते अपुरे होते. येथे थोडे सावकाश देतो. जलसंगीस आलेल्या पेटीत कोणते यंत्र होते हा आमचा विषय नाही. आमच्या डोळ्यांपुढे आहे ती याच केंद्रावरून पुनःपुन्हा उडविली गेलेली एक दुर्बीण.

हे केंद्र 1969 मध्ये सुरू झाले. प्लास्टिकच्या अत्यंत पातळ कागदाचे प्रचंड फुगे तेथेच तयार होतात आणि बहुधा हिवाळ्यात सोडले जातात. काम संपले की यंत्राची पेटी फुग्यापासून सुटते आणि रंगीत हवाई छत्रीच्या आधाराने खाली येते. ती कोठे उतरेल याचा अंदाज केंद्र आपल्या जाहीर निवेदनांत देते. विशाखापट्टणम-हैदराबाद-सोलापूर अशी रेघ ओढावी. त्या रेघेच्या आजूबाजूस, हैदराबादपासून 200 ते 350 किलोमीटरांच्या टापूत. आता हैदराबाद-सोलापूर ही सडक आमच्या हुमनाबादवरूनच जाते. म्हणजे बिदर, कलबुर्गी, पलीकडे लातूर, धाराशिव, सोलापूर हे सारे जिल्हे या पेट्यांचे अंगण झाले. 1956 मध्ये राज्यांची वाटणी झाली तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन तुकडे होऊन ते तीन राज्यांत गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले आणि आमचे भालकी, औराद, हुमनाबाद इकडे राहिले. फुग्याला मात्र अजून जुनाच नकाशा ठाऊक असावा.

त्या दुर्बिणीचा आरसा 100 सेंटिमीटर व्यासाचा. संस्थेच्या अवरक्त खगोलशास्त्र विभागाने ती 1980 च्या दशकात उभी केली. अवरक्त म्हणजे तांबड्या रंगाच्या पलीकडील, डोळ्यांस न दिसणारा प्रकाश. त्यातही दूरचा अवरक्त, की जो तारे जन्मास येत असलेल्या थंड धुळीच्या ढगांतून निघतो. हा प्रकाश जमिनीपर्यंत पोहोचत नाही. हवेतील बाष्प त्याला वाटेतच गिळते. म्हणून दुर्बीण 31 किलोमीटरांच्या आसपास उंच न्यावयाची. तेथे वातावरणाचा शेकडा 99 भाग आपल्या पायांखाली असतो. प्रारंभी तिच्यात 12 संवेदकांचे उपकरण होते आणि ते निरपेक्ष शून्याच्या वर अवघे 0.3 अंश इतके थंड ठेवीत. 1999 पासून तिला जपानी शास्त्रज्ञांनी बनविलेले वर्णपटमापक जोडले गेले. त्याचा संवेदक म्हणजे गॅलियम मिसळलेला जर्मेनियमचा स्फटिक, आणि तोही यांत्रिक दाबाखाली आवळून धरलेला. असा आवळल्यावाचून त्याला 158 मायक्रॉन लांबीच्या लहरी दिसतच नाहीत. आणि तीच तर कार्बनच्या विद्युत्भारित अणूंची खूण. मृग नक्षत्राच्या बाणाखाली जो धुरकट ठिपका निर्मळ रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्या तेजोमेघाचे नकाशे या दुर्बिणीने या लहरींत काढलेले आहेत.

येथवर सारे सरळ आहे. खरी अडचण यापुढे.

प्रकाशाचा कण स्फटिकावर आदळला की त्यात थोडासा विद्युत्भार मोकळा होतो. तो मोजावयाचा आणि अमुक इतका प्रकाश आला असे म्हणावयाचे, एवढेच संवेदकाचे काम. परंतु स्फटिकाला प्रकाशाशिवाय दुसरे पाहुणेही भेटत असतात. अंतराळातून विश्वकिरणांचे कण सतत येत असतात. त्यांतला एखादा स्फटिकातून आरपार गेला की एका क्षणात भाराचा लोंढा सुटतो. फोडणीत मोहरीचा दाणा तडतडावा तशी ती ठिणगी उडते. कागदावर पाहिली तर ती आणि दुरून आलेला एखादा खरा तारा यांत पुष्कळदा फरक दिसत नाही.

एवढ्यावरही भागले असते. ठिणगी उडाली, विझली, सोडून दिली. पण जर्मेनियमचा स्फटिक विसरत नाही. आमच्या सौभाग्यवतींना आम्ही हे सांगत होतो, तेव्हा त्या तव्यावर ज्वारीची भाकरी टाकीत होत्या. त्या म्हणाल्या, "यात नवल ते काय? पहिली भाकरी नेहमी कच्ची राहते, कारण तवा तापलेला नसतो. आणि जाळ एकदा जास्त झाला की पुढच्या दोन करपतात, मग जाळ कमी केला तरी." यापेक्षा चांगले वर्णन आम्हांस कोणत्याही ग्रंथात आढळले नाही. थंडगार, अंधाऱ्या जागी बसलेल्या त्या स्फटिकावर एकाएकी प्रकाश पडला तर त्याचा जबाब प्रथम अर्धाच येतो, आणि मग सेकंद, कधी मिनिटे घेत पुरा होतो. उलट विश्वकिरणांचा मारा झाला की तो काही काळ जरुरीपेक्षा जास्त हळवा होतो आणि त्याच ताऱ्याला पूर्वीपेक्षा तेजस्वी ठरवितो. तारा तोच, तवा बदलला. अवकाशातील दुर्बिणींत यावर औषध म्हणून स्फटिकाला मधूनमधून किंचित ऊब देतात अथवा त्यावरील विद्युत्दाब थोडा वेळ वाढवितात, म्हणजे अडकलेला भार निघून जातो व तवा पुन्हा सारखा होतो.

आजकालच्या दुर्बिणींत पारा, कॅडमियम आणि टेल्युरियम यांच्या मिश्रणाचे संवेदक असतात. त्यांचीही एक खोड आहे. ती समजावयाची तर बिदरच्या जांभ्या दगडाकडे पाहावे. आमचे बिदर शहर जांभ्याच्या पठारावर वसले आहे. पावसाचे पाणी हा सच्छिद्र दगड पोटात घेतो आणि सावकाश सोडतो. म्हणून नरसिंह झरा, गुरुनानक झिरा, पापनाश हे झरे पाऊस जाऊन महिने लोटले तरी वाहत असतात. नौबादजवळची बहामनी काळातली सुरंगबाव याच पाण्यावर बांधलेली. आता वैशाखात एखादा परगावचा मनुष्य येऊन झरा पाहील आणि "काल येथे पाऊस झाला" असे लिहून ठेवील, तर त्याची जी फसगत होईल तीच दुर्बिणीची होते. संवेदकाच्या घडणीत जागोजाग बारीक खळगे असतात. तेजस्वी ताऱ्याकडे पाहताना त्यांत भार अडकून बसतो, आणि दुर्बीण दुसरीकडे वळली तरी तो हळूहळू पाझरत राहतो. परिणामी नव्या चित्रात जुन्या ताऱ्याचे भूत उमटते. जेथे काहीही नाही तेथे तारा दिसतो!

या साऱ्यात आमच्या आकाशाचा एक गुण आहे, आणि तो सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. विश्वकिरण हे विद्युत्भारित कण असल्यामुळे पृथ्वीचे चुंबकत्व त्यांना वळविते. चुंबकीय विषुववृत्ताजवळ ही राखण सर्वांत कडक. हैदराबादच्या माथ्यावर सरळ वरून यावयाचे तर कणापाशी सुमारे 17 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्ट इतकी ऊर्जा पाहिजे. त्याहून दुबळे कण वेशीबाहेरच थांबतात, आणि बहुसंख्य कण दुबळेच असतात. अमेरिकेत टेक्सासमधील पॅलेस्टाईन गावी असेच एक फुगाकेंद्र आहे. तेथे हीच वेस 4 ते 5 अब्जांवर उघडते. अर्थात हैदराबादेहून उडून आमच्या डोक्यावरून जाणाऱ्या यंत्राला या खोट्या ठिणग्यांचा उपद्रव पुष्कळ कमी. आमच्या मुलखाला मागासलेला म्हणण्याची रीत आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. पण 30 किलोमीटर उंचीवर तो असा निवांत आहे. कमी म्हणजे मुळीच नाही असे मात्र नव्हे. तेव्हा प्रश्न उरतोच की ठिणगी खरी कोणती?

येथे आम्हांस आमच्या शेजारच्या कल्याणची, म्हणजे बसवकल्याणची आठवण होते. ज्या विक्रमादित्याची स्तुती जलसंगीची शिलाबालिका कोरते आहे, त्याच्याच कल्याणात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली. पुढे कित्येक शतके, इंग्रजांच्या न्यायालयांतसुद्धा, हिंदूंच्या वारसाहक्काचे तंटे या टीकेवरून तुटत असत. तिच्या व्यवहाराध्यायात साक्षींचे प्रकरण आहे. सामान्य नियम असा की साक्षीदार निदान तीन असावेत. उभयपक्षांस मान्य असा धर्म जाणणारा असेल तर एकही चालेल.

1983 च्या जानेवारीत आयरॅस नावाचा उपग्रह अवरक्त आकाशाची पहिली संपूर्ण मोजणी करण्यास गेला. अमेरिका, नेदरलँड्स व ब्रिटन यांचा तो संयुक्त उद्योग. त्याच्या 62 संवेदकांवर विश्वकिरणांच्या ठिणग्यांचा नुसता पाऊस पडत असे. म्हणून त्याच्या कर्त्यांनी साक्षींचाच नियम घातला. संवेदकांची मांडणी अशी की आकाशातला खरा ठिपका आधी एकावर येईल आणि काही सेकंदांनी दुसऱ्यावर. ठिणगीला हे जमत नाही, ती एकदाच उडते. ही पहिली साक्ष. सुमारे 103 मिनिटांनी उपग्रहाची फेरी पुरी झाल्यावर ठिपका पुन्हा दिसला पाहिजे, ही दुसरी. आणि काही आठवड्यांनी तीच जागा पुन्हा पाहिली असता तो तेथेच आढळला पाहिजे, ही तिसरी. त्या लोकांनी मिताक्षरा वाचली होती असे आम्ही अजिबात सुचवीत नाही. असल्या बादरायण संबंधांचा आम्हांस तिटकारा आहे. पण कल्याणच्या पंडिताला हा हिशेब ऐकविला असता तर त्याने मान डोलावली असती, यात आम्हांस शंका वाटत नाही.

फुग्यावरील दुर्बिणीला आठवड्यांनंतरची साक्ष कोठून मिळावी? तिचा संसार एका रात्रीचा. ती आकाशाच्या त्याच तुकड्यावरून ओळीमागून ओळ पुनःपुन्हा फिरते आणि ज्या ग्रहाचे तेज आधीच ठाऊक आहे अशा एखाद्यावर आपला तवा पारखून घेते. संवेदक त्या रात्री किती हळवा होता, कोणत्या क्षणी ठिणगी उडाली, कोठे त्याचा जबाब मंद पडला, हे ताडण्यास त्या रात्रीच्या नोंदी तर हव्यातच. शिवाय जमल्यास तोच संवेदक, त्याच घडणीत, प्रयोगशाळेत परत आणून तपासता आला पाहिजे. आमच्या तरुण मित्राच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. पेटी कोणी कुतूहलाने उघडली, दाबाचा एखादा स्क्रू ढिला केला, आरसा फोडला, तारांच्या लोभाने आतले काही काढून नेले, तर नुसते यंत्र जात नाही. साक्षीदार गेला. त्याच्या आधीच्या जबान्याही तितक्या प्रमाणात लंगड्या पडतात, आणि पुढच्या हिवाळ्यात उडावयाची दुर्बीण कित्येक वर्षे उडत नाही. केंद्राच्या निवेदनात म्हणूनच सांगितलेले असते की पेटीत उच्च दाबाची वीज असू शकते, हात लावणे धोक्याचे आहे, पोलिसांना वा पेटीवरील पत्त्यावर कळवावे. आणि ती न हाताळता राखणाऱ्यास बक्षीस व झालेला खर्च दिला जाईल.

जेम्स वेब दुर्बीण 25 डिसेंबर 2021 रोजी निघून पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटर दूर जाऊन बसली. तेथे पृथ्वीच्या चुंबकत्वाचे छत्र नाही. तिच्या चित्रांत ठिणग्यांबरोबर मोठाले वाटोळे पांढरे गोळे उमटतात. शास्त्रज्ञ त्यांना हिमगोळे म्हणतात. अतिशय तेजस्वी विश्वकिरणांच्या माऱ्याने भार आजूबाजूच्या शेकडो घरांत सांडतो, तो हा प्रकार. दुसऱ्या एका उपकरणात अशाच विस्कळीत सरी येतात. तिच्यावर तोड अशी की एकाच चित्रात भार साठत असताना तो अनेक वेळा वाचावयाचा. रांजणात थेंबथेंब पाणी पडत असावे आणि आपण दर घटकेला पातळीची खूण करीत जावे. खुणा सारख्या अंतराने चढत असता मध्येच एक उडी दिसली तर समजावे की कोणी तांब्याभर पाणी ओतून गेले. ती उडी वजा करून बाकीचे मोजावयाचे. तेथून पेटी परत आणण्याची सोयच नाही; तेव्हा जे काय ओळखावयाचे ते दुरूनच.

आतले की बाहेरचे, हा प्रश्न काही केवळ प्रकाशाचाच नाही. डॉ. जयंत नारळीकर यांनी सुचविलेल्या प्रयोगात हैदराबादहूनच 2001 व 2005 मध्ये फुगे सोडून 41 किलोमीटरांपर्यंतच्या हवेचे नमुने आणले होते. 2005 च्या नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचे 2009 मध्ये जाहीर झाले. त्यांतल्या एकीस फ्रेड हॉईल यांचे, एकीस आर्यभटाचे आणि एकीस इस्रोचे नाव दिले आहे. ते जीव अंतराळातून आले असा निकाल मात्र कोणी दिला नाही. नारळीकरांसारखा मनुष्य, ज्याला ते अंतराळातून आलेले आवडले असते, तोही घाई करीत नाही, हे आम्ही शाळेत मुलांना मुद्दाम सांगत असू.

हे सारे आम्ही त्या तरुणाला परतीच्या वाटेवर, हुमनाबादला चहासाठी थांबलो असता, थोडक्यात सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. तो ट्रॅक्टर-दुरुस्तीचे दुकान चालवितो, त्यामुळे यंत्राच्या लहरी त्याला कळतात. मग त्याने जे विचारले त्याने आम्ही खरोखर चकित झालो. "सर, तीन वेळा दिसला तरच खरा म्हणता. मग जो खराच आहे, पण एका जागी थांबत नाही, त्याचे काय? तो तर तिसऱ्या साक्षीला हजरच राहणार नाही. त्याला खोटा म्हणून काढून टाकणार?"

हीच त्या नियमाची उणी बाजू. तारा स्थिर असतो. लघुग्रह आणि धूमकेतू चालते असतात. आठवड्यांनंतरची साक्ष मागितली की ते सारे गैरहजर लागतात आणि यादीतून गळतात. आयरॅसच्या शास्त्रज्ञांना हे दिसत होते. म्हणून पहिली साक्ष पटली पण पुढच्या साक्षीला जागा थोडी सरकली, अशा ठिपक्यांवर त्यांनी वेगळी पाळत ठेवली. 1983 च्या एप्रिलात त्यांतूनच एक धूमकेतू हाती लागला. त्याच सुमारास जपानचे अराकी आणि इंग्लंडचे अल्कॉक या दोन हौशी निरीक्षकांनीही तो पाहिला, आणि म्हणून त्याला आयरॅस-अराकी-अल्कॉक असे नाव पडले. 11 मे 1983 रोजी तो पृथ्वीपासून सुमारे 47 लाख किलोमीटरांवरून गेला. धूमकेतूच्या मानाने हे अंतर म्हणजे अंगणातून जाणेच. त्यापूर्वी दोनशे वर्षांत इतक्या जवळून कोणताही धूमकेतू गेला नव्हता.

"मग तो पुन्हा केव्हा येणार?" त्याने बशीत चहा ओतता ओतता विचारले.

आम्ही म्हटले, "सुमारे हजार वर्षांनी."

तो हसला. म्हणाला, "तोवर काही नाही. पण फुगा येत्या हिवाळ्यात येईल की. आमच्या घरावर आला तर आधी पोलिसांना फोन करू का तुम्हांला?"

आम्ही सांगितले की आधी पोलिसांना, मग पेटीवरील नंबरावर; आणि आम्ही येईपर्यंत गावची पोरे लांब ठेव.